देवडीतला दिवा

घ्या लिहून, मी मूळचा कोथरूडचाच, आता जिथं आमची सोसायटी उभी हाय ना, तिथंच आमचा गोठा व्हता, शाळा चौथीपर्यंत, मग म्हशी आणि नारायण पेठेत दुधाचा रतीब. संध्याकाळची धार दिवेलागणीलाच, मी म्हशीखाली आणि आमची मंडळी, म्हणजे बायको, दिव्यापुढं, सूर्य कसा बुडतो हे बघायला सवड कुणाला. ती गेली माघात. तवापासनं रोज तिच्या फोटोपुढं दिवा मीच लावतो, वर्षश्राद्धापर्यंत एक दिवस चुकवायचा न्हाय.

आणि काय सांगू तुम्हाला, सूनबाई म्हणाली, अण्णा, कोकणात चला, डोंगरावर किल्ला आहे, वरनं समुद्रात सनसेट दिसतो, सगळे जातात. म्हणलं, खडकवासल्याला बी बुडतोच की, तिथं कणीस तरी मिळतं. पोरगा म्हणाला, घरात एकटे बसून काय करणार? म्हणलं, दिवा लावणार. तर म्हणतो, एक दिवस नाही लावला तर आई काय रागावणारे का. एवढं शिकवून हे! मग मी बी पणती, वात, तेलाची बाटली पिशवीत टाकली आणि बसलो गाडीत.

किल्ला कसला, जत्रा. महाराजांचा जयजयकार करायचा आणि वेफरची पिशवी तटावरनं खाली सोडायची. सूर्य बघायला आलेले सगळे सूर्याकडं पाठ करून उभे, तोंड फोनकडं. एक बाई सूर्य चिमटीत धरत व्हती आणि नवरा ओरडतोय, थोडा वर, अगं थोडा वर.

बुरुजावर वाऱ्यानं काडी टिकंना. मग दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांची देवडी हाय, तिथं कोनाडा दिसला, जुन्या काजळीनं काळा झालेला. तिथं लावला. लगेच शिट्टी, रखवालदार आला, ओ बाबा, गडावर विस्तव चालत न्हाय. म्हणलं, विस्तव न्हाय, आमच्या मंडळींचा दिवा हाय, विझला की पणती घेऊन जातो. तो माझ्याकडं पाठ करून दारात उभा राह्यला आणि दुसऱ्यांवरच शिट्ट्या फुंकत बसला. सगळ्या गडावर कामाचा तेवढा एकच माणूस.

बाहेर टाळ्या पडल्या, म्हणजे बुडाला असणार. बुडणाऱ्याला टाळ्या, काय माणसं! पोरगा धावत आला, अण्णा, सगळं हुकवलंत तुम्ही, आणि तेवढ्यात त्याला दिवा दिसला. मग त्यानं चपला काढल्या.

आता माघ जवळ आलाय. पोरगं कधी लवकर आलं तर वात वळून देतं, वाकडीच वळतं, पण चालतंय. चला, लिहून घेतलंत तेवढं पुरे, देव तुमचं भलं करो. दिवेलागण झाली, ती काडेपेटी द्या इकडं.