कळंबकर साहेबाच्या फिलममधली बाई

माहं नाव थावरा. आमच्या बंजाऱ्याइच्या गोर बोलीत थावर म्हंजे शनवार, शनवारी जलमलो म्हणून थावरा, थावरा लालू राठोड. कळंबहून राळेगावकडे निघालं का उजव्या हाताले पळसाच्या झाडाइच्या मांगं जो तांडा दिसते तो माहा. हे पह्यलेच सांगून टाकतो, काहून का तुमी ज्या नावानं मले हुडकत आले ते कळंबकर नाव माहं नाही, ते म्या घेतलेलं हाय. चित्राखाली तेच, फिलमवर तेच, शाळेच्या हजेरीतही आता तेच झालं. तुमी चित्रकाराची गोष्ट लिहाले आले, आन् मी ही दुसरीच सांगून राह्यलो, पन ही सांगतल्याशिवाय ती सांगता येत नाही, काय करू.

माह्या आज्याजवळ बैल होते, पाठीवर मीठ-दाना लादून दूरदूर जाये तो. बापानं बैल इकले आन् वावर केलं. माही याडी, म्हंजे माय, हिरकी तिचं नाव, तिच्या हाती सुई होती. सुई तं तांड्यातल्या साऱ्याच बायाइच्या हाती होती, पन आजूबाजूच्या तांड्यात कोन्या पोरीचं लगन जमलं का कापड घेऊन बाया आमच्या दारी येत. नवरीची कांचोळी म्हंजे आरशाची चोळी, आन् गणो. गणो तुमाले मालूम नसन, डोक्यावर घागर घ्याले चुंबळ असते ना, तिच्या मांगून पाठीवर लोंबते तो कवड्या लावलेला भरतकामाचा तुकडा. याडी कापडावर कधी रेघ काढे नाही, दोरे मोजे आन् भरत जाये. भरता भरता थांबे, दूर धरून पाहे, आन् म्हने, हा दोरा त्या दोऱ्यासंग भांडून राह्यला, काढा लागते. आन् दिवसभराचं काम उसवून टाके. मले शाळेतल्या मास्तरानं रंग शिकवले असं मी नागपुरात भाषनात सांगतलं. खोटं हाय ते. मास्तरानं कुंचला धराले शिकवलं, रंग याडीनं शिकवले.

बाप मेला तवा मी कळंबच्या शाळेत होतो. आमच्यात नवरा मेला का बाई घुगरी काढते. घुगरी म्हंजे कानाच्या दोन्ही बाजूले केसात गुतवलेले चांदीचे झुमके, ते गालावर लोंबतात, ते दिसले का समजाचं हिचा नवरा हाय. आन् दंडातल्या बलिया, म्हंजे पांढऱ्या बांगड्या, त्याही उतरवते. उतरवलं का मंग जलमात पुन्हा घालत नाही. याडीनं घुगरी काढली, पान्यात धुतली, एका जुन्या कापडात बांधली आन् मले म्हनली, हे तुह्या बायकोले. तेवढंच बोलली. मी तवा दहा-बारा वर्साचा असन, पन ते गाठोडं मले आताही दिसते.

कळंबात मास्तराच्या घरी राहून शिकलो. मास्तर देवमानूस, पन शाळा काही देवाची नव्हती. कोनाची पेन्सिल हरवली का पह्यले माह्या पिशवीत हात जाये. लमानाचं पोट्टं हाय, पाहा त्याच्याजवळ. सापडे नाही कधी, पन माफीही कोनी मागे नाही. रोज घरून निघताना मी आपली पिशवी आपनच झाडून पाहो, बाप्पा, चुकून कोनाचं काही आलं तं नाही यात. तवापासून मनात बसलं का हे नाव फेकून देऊ कुठीतरी. चिंतामणीच्या देवळाच्या कुंडाच्या पायऱ्या म्या पान्याच्या रंगात काढल्या, पह्यलं चांगलं चित्र ते, मास्तर म्हनले खाली सही कर, आन् म्या लिहिलं टी. कळंबकर. मास्तरानं पाह्यलं आन् चित्र वाळाले ठेवलं. त्यायले बरंच वाटलं असन, का वाईट, माहीत नाही.

छप्पन साली आपला मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच साली मी यवतमाळले ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो. नवीन गाव, नवीन लोक, कोनाले काही मालूम नाही. हेडमास्तरानं इचारलं, वडील काय करत? म्या म्हनलं, तहसील कचेरीत होते, वारले. कसं निघालं तोंडातून, मलेच समजलं नाही. कचेरीवाल्याइच्या ओळीत राहाले खोली भेटली, त्यायच्या बाया मले सणावाराले ताट पाठवत, आन् मी खाये. एकदा बोललं का मंग रोज सांभाळा लागते ते. याडीले म्या सांगतलं, यवतमाळले येऊ नोको, खोली लहान हाय. आली नाही ते. तांड्यात मीही जाईनासा झालो, पह्यले दर महिन्याले, मंग दिवाळीले, मंग तीन वर्सं नाहीच.

चित्रं मात्र चांगली होऊन राह्यली होती. जिनिंगवर उभ्या कापसाच्या गाड्या, उन्हाळ्यातले पळस, बाजार. नागपुरात चित्रं लागली तवा मुंबईचे एक साहेब आले, कलेवर माहितीपट काढनारे. त्यायले आमच्या भागातले कारागीर पाह्यजे होते, दाखवाले मानूस पाह्यजे होता. मी संग फिरलो, फ्रेम कशी धराची, तुकडे कसे जोडाचे, सारं शिकलो. पुढं आपल्या पायावर मातीच्या मूर्तीवाल्याची एक फिलम केली, लाखेच्या बांगड्याइची एक केली. आज लोक म्हनतात कळंबकर रंगातही अन् फिलममधीही. पन ते मंगचं. पह्यली मोठी फिलम साहेबाच्या संग केली ती, बंजाऱ्याइच्या भरतकामाची. साहेब म्हनले, कळंबकर, तांडे तुमीच निवडा. म्या मुद्दाम दूरचे तांडे निवडले, झरी जामणीच्या बाजूचे. पन काय सांगू तुमाले, जिथं जावं तिथल्या बाया एकच सांगत, भरतकाम पाहाचं असन तं कळंबजवळच्या हिरकी याडीचं पाहा. साहेबानं नाव वहीत लिहून घेतलं. जीप वळवली. मी पुढं बसून रस्ता दाखवत राह्यलो. बोलाले चार घंटे होते मले त्या जीपमधी.

तांड्यात पोचलो तवा दिवस माथ्यावर आलता. कापसाची वेचनी होती, सारे वावरात गेलते, दोनचार म्हातारे आन् नायक, म्हंजे तांड्याचा मुख्य, एवढेच होते. याडी दारात बसून होती सुई घेऊन. मले पाह्यलं, उठली, तोंडभर हासली, आन् मी पॅन्टीतला, चष्म्यातला, दोन पावलं अलीकडंच थांबलो आन् हात जोडून म्हनलो, नमस्कार बाई.

तिचं हासनं गेलं नाही एकदम. हळूहळू गेलं. नायक पुढं आला, अरे थावरा म्हनाले तोंड उघडलं त्यानं, तं याडी मधीच त्याले आमच्या बोलीत म्हनली, ई साहेब छ. हा साहेब हाय. नायकानं तिच्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, आन् रामराम साहेब म्हनून बाजूले झाला. आन् थोड्या वेळानं काम हाय म्हनून वावरात निघून गेला. एका मिनिटात तिनं सारं ओळखलं हो. मले तोंडानं काही सांगाही लागलं नाही.

साहेब तिचं काम पाहून खुश. पन रंगीत फिलम नव्हती, काळी-पांढरीच होती, आन् त्यातनी लाल काय, हिरवा काय, सारं सारखंच काळं दिसते. चांगले रंग हाय पन हाती काहीच लागत नाही, साहेब म्हनले, चमकनारं पाह्यजे, आरसे पाह्यजे, चेहऱ्याजवळ चांदी पाह्यजे. त्यायनं दुसऱ्या तांड्यात बायाइच्या गालावर घुगरी पाह्यली होती. या बाईजवळ नाही का? याडी म्हनली, हाय, पेटीत हाय. साहेबानं माह्याकडं वळून इचारलं, कळंबकर, घालाले हरकत तं नसते ना यायच्यात?

तुमी म्हनान, एक शब्द तं होता. हरकत हाय, बाई इधवा हाय. तेवढं म्हनलं असतं तरी माहं खोटं उघडं पडत नव्हतं. पन मले वाटलं, साहेब इचारन तुमाले कसं मालूम. भेव वाटलं. याडी माह्याकडंच पाहून राह्यली होती, तिनं आमच्या बोलीत मले इचारलं, घालू का रे बेटा? साहेब म्हनले, काय म्हनतात? आन् म्या म्हनलं, समजलं नाही, यायची भाषा मले येत नाही.

जे भाषा तिच्या तोंडून शिकलो ते.

मंग याडी मराठीत बोलली. म्हनली, घालीन साहेब, काही हरकत नाही. अंदर गेली. ते गाठोडं सोडलं, जे माह्या बायकोसाठी बांधलं होतं. घुगरी घातली, बलिया घातल्या, गणो पाठीवर सोडला आन् नाल्यावर आली. तिथं कोनी नव्हतं, साहेब, मी आन् यंत्रवाला एक मानूस. घागर डोक्यावर घेऊन तिले चारदा चालवलं आमी. उजेड बराबर नाही म्हनून चौथ्यांदा तं मीच म्हनलो, बाई, पुन्हा एकदा. झाल्यावर तिनं तिथंच नाल्याच्या पान्यात घुगरी धुतली. साहेबाले वाटलं चांदी साफ करून राह्यली. तेही फिलममधी घेतलं त्यायनं.

फिलमचं नाव झालं. बोलनं माह्याच आवाजात हाय तिच्यात, साहेब म्हनले तुमचा आवाज चांगला हाय. या तांड्यातली एक सुवासिनी, असं मी म्हनतो त्यात. आपल्या मायले, माहा बाप मेल्यावर पंधराएक वर्सानं. कुठीही ते लागली का माहा आवाज ते म्हनते, मी थांबवू शकत नाही.

आन् दोन वर्सानं सरकारी गाडी ते फिलम घेऊन गावोगाव फिरली तं आमच्या तांड्यातही गेली. मलेही बोलावलं, कलाकार म्हनून. मी नाही म्हनाले पाह्यजे होतं, नाही म्हनलो नाही. दिवेलागनीले दोन बांबूइले धोतर बांधलं, सारा तांडा बसला, लेकरं पुढं, याडी बायाइच्या ओळीत. मले खुर्ची; ओळखत तं मले सारेच, पन याडीनं पह्यलेच सांगून ठेवलं होतं, गाडीवाल्याइसमोर त्याले साहेबच म्हना. पडद्यावर याडी आली तं लेकराइनं टाळ्या वाजवल्या. मंग घुगरी दिसली. टाळ्या थांबल्या, एक म्हातारी उठून गेली, मंग दुसरी. माहा आवाज चालूच, सुवासिनी, सुवासिनी. नायकानं माह्याकडं पाह्यलं. त्या दिवशी मी संग होतो ते त्याले मालूम होतं, त्यानं नुसतं पाह्यलं, वाट पाह्यली का मी उठीन. मी खुर्चीवर बसून राह्यलो.

फिलम सरल्यावर बायाइनं याडीले घेरलं. रांडकीनं घुगरी घातली, काहून घातली? कोनं घालाले लावली? मी दहा पावलावर उभा. याडी म्हनली, कोनी नाही लावलं, माही मले हौस आली, म्या घातली. साहेबाले काय समजते आपल्यातलं.

कोनी दंड केला नाही तिले, वाळीत टाकलं नाही. नायक चांगला मानूस, त्यानं सांभाळून घेतलं. पन लगनाचं कापड येनं बंद झालं. नवरीची चोळी हिच्या हातची कशी घ्याची, असं बायाइच्या मनात बसलं, मनाले कोन आवरते. आता ते गोधड्या शिवते, लेकराइची टोपडी शिवते. कवड्याइचा डबा पेटीवर ठेवला हाय, झाकन लावून. ज्या फिलममधी तिची कला सारा मुलूख पाह्यते, त्या फिलमनं तिच्या हातची कला गेली. आन् ते फिलम म्या केली, असं मी लोकाइले अभिमानानं सांगत राह्यलो. लाज म्हंजे काय असते ते मले तवा समजलं नाही, मंग समजलं, हळूहळू, जसं तिचं हासनं गेलं तसं.

मंगच्या दिवाळीले गेलतो. एकटाच, पिशवी घेऊन, एसटीनं. तिले आता कमी दिसते. दारातून हाक मारली, याडी. ते आतून आली, पदर सावरला, मले पाह्यलं, माह्या खांद्यावरून मांगं रस्त्यावर पाह्यलं, आन् हळूच मराठीत इचारलं, साहेब, संगं कोन हाय?

म्या म्हनलं, कोनी नाही याडी, एकटाच हाय.

मंग आपल्या बोलीत म्हनली, आ बेटा, बेस.

आता दरवेळी असंच हाय. पह्यले मांगं पाहाचं, मंग मले काय म्हनाचं ते ठरवाचं. रागानं नाही हो, माही काळजी म्हनून. रागानं म्हनली असती तं मले बरं वाटलं असतं. म्या माफी मागतली तं म्हनली, काय झालं रे, चांगली तं दिसली मी. आन् ते गाठोडं पुढं केलं, बायकोले दे म्हनून. म्या घेतलं नाही. म्हनलं, राहू दे तुह्याजवळ, अजून मले हात लावाचा अधिकार नाही.

तुमी लिहून घेऊन राह्यले ना, तं वरतं थावरा लालू राठोड लिहा. पन नुसतं लिहून होत नाही. उद्या तांड्यात चालता का माह्या संगं? तुमी परके, शहरातले, चांगल्या कपड्यातले, तसंच मानूस पाह्यजे. ते दारात येईन, तुमाले पाहीन आन् मले साहेब म्हनन, रामराम करन. मंग मी तुमच्यासमोर तिचे पाय धरीन आन् मोठ्यानं, नायकाले ऐकू जाईन असं, आमच्या बोलीत सांगीन का ई मारी याडी छ, ही माही माय हाय. तुमाले ते बोली समजत नसन, तरी थांबजा तिथं. तिनं तुमच्यासमोर मले एकदा बेटा म्हनाले पाह्यजे. म्हनन का नाही, मले मालूम नाही. तिले सवय झाली हाय आता.