पाऱ्याने माखलेल्या फांद्या

मंडळी, एवढ्या बर्फात ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसून तुम्ही आलात. बहीण गेल्यावर, आपल्या ज्यू रिवाजाप्रमाणे, सात दिवस घरात बसून मी रडले. आज रडायचं नाही, असं ठरवून आलेय. पण बोलणंही कठीण आहे. जिभेवर जे येतंय, ते अशा सभेत बोलण्यासारखं नाही. तरी बोलते.

ज्युडिथ माझी थोरली बहीण. तुम्ही तिला सणाच्या स्वयंपाकातली ज्युडिथताई म्हणून ओळखता. तिचा दिवस मात्र युनिव्हर्सिटीच्या बेसमेंटमध्ये जायचा. अमेरिकेच्या वाळवंटातून पालो वेर्दे झाडाच्या वाळवलेल्या फांद्या तिथे यायच्या. हिरव्या सालीचं, काटेरी झाड. ताई एकेक फांदी जाड कागदावर चिकटवायची. झाड कुठे सापडलं, फुलं होती की शेंगा, फांदी कोणी तोडली, सगळं टाइप करून खाली लावायची. मी एकदा विचारलं, टोरांटोत बसून त्या झाडांचं एवढं काय? ती म्हणाली, "लिली, उद्या ते झाड तिथून गेलं, तर ते होतं हे सांगायला हा कागदच उरेल."

कीड लागू नये म्हणून त्या फांद्यांना ब्रशने पाऱ्याचं विष लावायचे. कोण लावायचं? ताई. खिडकी नाही, पंखा नाही. आधी तिचे हात थरथरायला लागले. मग हिरड्यांतून रक्त. तिने तिच्या प्रोफेसरांकडे एक्झॉस्ट फॅन मागितला. पुन्हा मागितला. ते हसून म्हणाले, "तुमच्या देशात होते का फॅन?" ताईने हे मला भांडी घासता घासता सांगितलं. हसत सांगितलं. मी हसले नाही.

किडन्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, अंगात पारा आहे. शेवटी तिने मला जवळ बोलावलं. वाटलं, म्हणेल, जाऊ दे आता. ती म्हणाली, "त्याला सोडू नकोस."

मंडळी, ते प्रोफेसर आज इथे आलेत. दुसऱ्या रांगेत, करड्या कोटात. बघू नका त्यांच्याकडे. त्यांना मराठी येत नाही. 'प्रोफेसर' शब्द ऐकला की मान हलवताहेत. त्यांना वाटतंय, मी आभार मानतेय.

माफ करायचं? कोणी करायचं? मी करणार नाही. ताईच्या जागी आलेल्या मुलीच्या हातात त्यांनी तोच ब्रश दिला होता. मग मी गप्प कशी बसू? ते सात दिवस संपताच डॉक्टरांचे रिपोर्ट घेऊन मी कामगारांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या सरकारी ऑफिसात गेले. पुन्हा पुन्हा गेले. आज सकाळी त्या बेसमेंटला सील लागलं. ती मुलगी बाहेर पडली. प्रोफेसरांना अजून पत्ता नाही.

दाराशी निळ्या जाड जॅकेटमध्ये जे गृहस्थ उभे आहेत, ते त्याच ऑफिसचे तपासनीस. मी त्यांना एवढंच म्हटलं, आधी माझ्या बहिणीला निरोप देऊ द्या, मग तो माणूस तुमचा.

आता ज्युडिथताईसाठी आपण शांत उभे राहू या. तोही उभा राहील, मान खाली घालेल. घालू दे. उठा, मंडळी. मी सांगेपर्यंत कोणी बसू नका.