बारकीची मोहीम आणि परक्या मुलीचा फोटो

वय बावन्न, धंदा शिवणकाम, राहणार कापडबाजारामागची गल्ली, पिठाच्या गिरणीवरची खोली. हातात कात्री असते म्हणून गल्ली मला मास्तरीणबाई म्हणते, शाळेशी माझा संबंध नाही. पोलीस ठाण्यात हजर राहून, साहेबांनी विचारल्यावरून, माहीत आहे तेवढे सांगते ते असे :

माझी धाकटी जाऊ इस्पितळात भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स आहे. घरात तिला बारकी म्हणतात. तिने दिलेल्या तक्रारीत मी साक्षीदार आहे, कारण तिचे व्हिडिओ मी काढलेले आहेत.

भाजलेल्याची जखम भरली तरी कातडी आखडते, वण वर येतात, सांधा वाकत नाही. त्यावर अंगाच्या मापाचा घट्ट, ताणाचा कपडा वर्षभर तरी घालावा लागतो. तो बाहेरून मागवला तर महाग पडतो, शिवाय माप बदलत राहते. पुष्कळ घरे पहिल्याच कपड्यावर थांबतात. बारकीचे म्हणणे होते की कपडे वॉर्डातच शिवावेत आणि कोणा रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी शेजारची रिकामी खोली दिली. शिलाई यंत्रे आणि कापड यांची सोय नव्हती. म्हणून तिने ऑनलाइन मदत मागायचे ठरवले.

वॉर्डातल्या औषधवाल्याने तिला सल्ला दिला की एखाद्या भाजलेल्या लेकराचा फोटो लाव, लोक धडाधड देतील. बारकी म्हणाली, "त्या पोरीला उद्या शाळेत जायचंय. तिचं तोंड मी बाजारात मांडू?" तिने मोहिमेच्या ऑनलाइन पानावर पहिल्याच ओळीत लिहिले की इथे कोणत्याही रुग्णाचा फोटो लागणार नाही.

पहिला व्हिडिओ आमच्या स्वयंपाकघरात काढला. मी माझी लाकडी पट्टी तिच्या कोपराच्या आतून फडक्याने घट्ट बांधली. ती म्हणाली, आता या हाताने केस विंचरते. कंगवा केसांपर्यंत पोहोचेना. मी हसले, ते हसणे व्हिडिओत आहे. मग तिने त्याच हाताने घास घ्यायचा प्रयत्न केला. तेव्हा मी हसले नाही. शेवटी ती एवढेच म्हणाली की तुम्हीही हात बांधून बघा, जमले तर गंमत, नाही जमले तर मदत करा. माझे हसणे कापून टाक असे मी सांगितले. ती म्हणाली, राहू दे वहिनी, लोकही आधी हसतीलच.

तसेच झाले. भाजीवाल्या, बसचे ड्रायव्हर, एका कचेरीतले झाडून सगळे लोक हात बांधून व्हिडिओ टाकू लागले. एका म्हाताऱ्याला जमेना, तेव्हा त्याची बायको पुढे आली आणि तिने त्याचे चार केस नीट विंचरले. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते विचारू नये. मदत येऊ लागली. चहाच्या कपाएवढे देणाऱ्यालाही बारकीने नावानिशी आभार कळवले. पहिले यंत्र आले त्या दिवशी त्यावरची पहिली शिवण लोकांना दाखवली.

पुढे एका निवृत्त पोस्टमनचा फोन आला. त्यांनी दोनदा मदत केली होती. ते चिडलेले नव्हते, दुखावलेले होते. म्हणाले, "बाई, फोटो लावणार नाही म्हणाला होतात. मग हे काय?" त्यांनी पाठवलेले पान आम्ही उघडले. नाव आमच्या मोहिमेचे, स्वयंपाकघर आमचे, हसणे माझे. पैसे भरायचे बँकेचे खाते मात्र दुसऱ्याचे, आणि वर सात-आठ वर्षांच्या एका भाजलेल्या मुलीचा फोटो. ती आमच्या वॉर्डातली नाही. तिला कोणी ओळखत नाही.

घरात बोलणे झाले. आमची गरज भागायला थोडेच कमी होते. माझे दीर, म्हणजे बारकीचे यजमान, म्हणाले की झाकली मूठ सव्वा लाखाची, गुपचूप तक्रार दे. माझे यजमान म्हणाले, हात दाखवून अवलक्षण कशाला? बारकी म्हणाली, "भाऊजी, त्या पोस्टमनकाकांना मी काय सांगू? गप्प बसा म्हणून?" मला काय वाटले ते साहेबांनी विचारलेले नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीला निघताना तिने गणवेशातच व्हिडिओ केला. आमचे आणि बनावट, दोन्ही खाती दाखवली. म्हणाली की मदत घेणे आजपासून बंद, इस्पितळाने सगळे तपासेपर्यंत एक पैसा घेणार नाही, ज्याला शंका असेल त्याने दिलेले परत मागावे, राग मानणार नाही. तिचा आवाज कापला नाही.

परत मागणारे मोजके निघाले. त्यांना तिने त्याच दिवशी परत दिले. मग आमच्याकडे कपडा शिवून घेतलेली एक बेकरीवाली आपण होऊन आली. भट्टीवर तिचा चेहरा आणि हात भाजला होता. तिने स्वतःचा व्हिडिओ टाकला. त्यात म्हणाली, "माझं तोंड आहे, माझ्या मर्जीनं दाखवतेय. बारकीनं कधी मागितलं नाही." आणि आम्ही शिवलेली ताणाची बाही घातलेल्या हाताने पीठ मळत राहिली. इस्पितळाने तपासून हिरवा कंदील दिला तेव्हा इतकी मदत आली की माझ्या जोडीला दुसरी शिवणारीण पगारावर ठेवता आली. आता खोली रोज उघडते. सकाळी मी तिथेच असते.

साहेबांनी विचारले, तुमचे म्हणणे काय. बनावट पान बंद व्हावे, फसलेल्यांचे पैसे त्यांना मिळावेत. पण सगळ्यात आधी तो फोटो उतरवावा, असे बारकीने सांगायला सांगितले आहे. तपासात ती मुलगी कोण हे कळले तर आम्हाला कळवावे. फोटोत वण अजून लाल दिसतो, म्हणजे कपड्याने फरक पडायची वेळ गेलेली नसावी. घरून कोणी आणणारे नसेल तर मी जाऊन माप घेईन. हे जबाबात लिहायचे नसते असे साहेब म्हणाले. मी म्हटले, लिहा. त्यांनी लिहिले आहे.

सगळे वाचून दाखवले, मी ऐकले. मी बोलले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करते.