मानपत्रातला मठ

(निमगाव केतकी, १९३७. सर्जेराव पाटलांची ओसरी. बायको ठमाबाई दारात. मोहनराव मास्तर मानपत्राचा मसुदा वाचत आहेत.)

सर्जेराव : वाचा मास्तर. काल तुमी बुकातनं सांगितल्यालं साहेबाचं आन् मी सांगितल्यालं आमचं, समदं आलंय न्हवं?

मास्तर : ‘प्रांतसाहेब थॉर्नबी यांच्या मूळपुरुषाने लोकरीच्या व्यापारात नाव काढले...’

सर्जेराव : मेंढरंवालाच की! आन् रुबाब बघा. म्होरं?

मास्तर : ‘इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाने ख्रिस्ती मठ मोडले, तेव्हा या मूळपुरुषाने एका मठाची जमीन अल्प किमतीत घेतली. मठाच्या दगडांनी वाडा बांधला. राज्य बदलले तसा धर्म बदलला, पुन्हा जुना धरला, पुन्हा नवा. शेवटी राणीने त्यांना ‘सर’ हा किताब दिला.’

सर्जेराव : आन् रान?

मास्तर : बिघाभरही सुटलं नाही.

सर्जेराव : ह्याला म्हंत्यात खानदान! माझ्याबी पेटीत पागोट्याशेजारी गांधीटोपी हाय. आता आमचं वाचा.

मास्तर : ‘आमचे घराणे साहेबांच्याच तोडीचे. त्यांनी मठाची जमीन घेतली, आम्ही खंडोबाची. त्यांच्या वाड्याला मठाचे दगड, आमच्या विहिरीला दीपमाळेचे.’ पाटील, एक शंका. साहेब उद्या कशासाठी येतात?

सर्जेराव : म्हाळसा गुरविणीच्या अर्जापायी. रान देवाच्या दिवाबत्तीचं हाय म्हंती. त्यात आपला ऊस हुभा हाय.

मास्तर : आणि त्या अर्जावर तुम्ही काय लिहून दिलंय?

सर्जेराव : रान वडिलोपार्जित हाय, देवाचा संबंध न्हाय... अगायायाया!

मास्तर : मग काय ठेवू? घराणं की रान?

सर्जेराव : खोडा! मठ खोडा, खंडोबा खोडा.

मास्तर : मग साहेबांची नुसती मेंढरं उरतात.

सर्जेराव : तीबी खोडा. ‘थोर घराणं’ एवढंच लिवा. आन् ह्यातलं अक्षर भाईर जाता कामा न्हाय.

ठमाबाई : आवो, पर सकाळी बाजारात तुमीच मिशीला पीळ देऊन सांगत व्हता. साहेबाच्या घराण्यानं मठाचं रान घेतलं, आमी खंडोबाचं, म्हून.

सर्जेराव : कोन कोन व्हतं तितं?

ठमाबाई : समदा बाजार. म्हाळसाबी व्हती, भंडारा इकत.

सर्जेराव : काय म्हनली?

ठमाबाई : म्हनली, मास्तरांना कशाला तरास? उद्या साहेबाम्होरं पाटलांचं घराणं मीच सांगते.