एलोदीच्या लग्नाची बाटली

...नाही, मला एक सांगा, सामान गाडीतून पुढे आणि माणसं मागून पायी, हा काय प्रकार आहे? अहो, गाडीत जागा होती की! पण नाही. आमच्या बरगंडीत, फ्रान्सच्या या वाईनच्या मुलखात, हल्ली हेच चाललंय. पाठीला पिशवी, पाय चांगले धडधाकट असून दोन्ही हातांत काठ्या, आणि द्राक्षमळ्यांमधून या गावाहून त्या गावाला. सुट्टी काढून चालायला येतात, तुम्हाला सांगतो! मी जन्मभर याच मळ्यांतून छाटणी करत वाकून चाललो, मला कुणी म्हणालं का, वा, काय मजा आहे बुवा तुझी?

आणि यांची वाट जाते कुठून, तर माझ्या अंगणातून. भिंतीवर खुणेचा पिवळा पट्टा कुणी मारला, कधी मारला, देव जाणे. माझं गळकं छप्पर बघून यांचा ऊर भरून येतो... किती जुनं, किती सुंदर! म्हटलं, पावसात या, बादली देतो, तिच्याशेजारी झोपा, मग सांगा सुंदर. एकानं तर दोरीवरच्या माझ्या बनियनांचे फोटो काढले. आणि उगवणार कधी? बरोबर जेवणाच्या वेळी. बारा ते दोन आमच्याकडे पोस्टसुद्धा बंद असतं हो!

त्या मंगळवारी असंच. घास तोंडाशी, आणि पायरीवर एक ताडमाड डच बाई न् तिचा नवरा, बूट काढून बसलेले. फोड आले म्हणे. येणारच! सुट्टी काढून चालायला येतात, मग काय फुलं येतील? माझ्या बायकोचं, मिरेयचं, काळीज लोण्याचं. तिनं मलमपट्टी केली. मीही म्हटलं, दारी आलेल्याला कोरडं कसं पाठवायचं, आणि आमच्या मळ्याची वाईन ओतली. बाई प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "छान आहे. पण मघाशी त्या बांधापलीकडे रेमोंकडे घेतली ना, ती जास्त छान होती."

रेमों! तुम्ही त्याला ओळखत नाही म्हणून असे स्वस्थ बसलाय. त्याच्या न् माझ्या मळ्यात एक दगडी बांध, आणि आमच्या बापांपासूनचं वाकडं. मी आतून जरा बरी बाटली आणली. बाई म्हणते, हीपण छान. हीपण! नवरा बूट चढवायला लागला. म्हणजे आता हे पुढच्या प्रत्येक गावात सांगत सुटणार, रेमोंची चांगली! मिरेय खुणावत होती, गप्प बसा. पण माझं डोकं फिरलं होतं. तळघरात गेलो आणि काढली... ती.

ती म्हणजे, आमच्याकडे मूल जन्मलं की त्या वर्षाची वाईन त्याच्या लग्नासाठी राखून ठेवतात. आमची एलोदी जन्मली त्या वर्षी गारपिटीनं माझा मळा झोडपून काढला. रेमोंचा वाचला, गारासुद्धा वशिला बघून पडतात! माझ्या हाती थोडकीच लागली. त्यातली ही शेवटची बाटली, आणि एलोदीचं लग्न शनिवारवर आलेलं.

बाईनं घोट घेतला, डोळे मिटले, पुन्हा एक घोट घेतला. मग म्हणाली, हो, ही रेमोंपेक्षा चांगली. जिंकलो! उरलेली नवऱ्यानं संपवली, काठ्या उचलल्या, चालते झाले. मी वळून पाहिलं तर मिरेय रिकामी बाटली हातात घेऊन उभी. म्हणाली, "अहो, आता पोरीला तुम्हीच सांगा."

कुठल्या तोंडानं सांगू? गेलो. बांध ओलांडून, टोपी हातात घेऊन, रेमोंच्या दारात. हसला असता तर परवडलं असतं, पण मेला चांगला वागला! त्याच वर्षाची बाटली काढून दिली, एक पैसा घेतला नाही. एवढंच म्हणाला की लग्नात मला तुझ्या समोर बसव.

घरच्या बाटलीला लेबल कुठलं असायला? शनिवारी लग्नात कुणाला काही कळलं नाही. एलोदीनं घोट घेतला, तिचे डोळे भरून आले, आणि सगळ्या गावासमोर माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, आयुष्यात इतकी चांगली वाईन तुम्ही दुसरी केली नाही."

समोर रेमों. पेला उंचावून म्हणतो कसा, "खरंय पोरी."

मीही पेला उचलला. म्हटलं, "हो बाळा... त्या वर्षी जरा जमली होती."