वाचल्यासारखं

हो, मीच शिकवलं. तुझ्या मुंगीने माझं नाव सांगितलं ना शाळेत — मग बरोबरच सांगितलं, खोटं बोलणारी पोर नाही ती. आणि उभी का अशी? ते टोक धर आधी. धर गं, वॉर्डातली मोठी चादर आहे, एकटीने घडी नीट बसत नाही, माझी सोबतीण आज रजेवर आहे — हां, असं, ताणून. लग्न होऊन आलीस तेव्हापासून नणंद हॉस्पिटलात काम करते एवढंच तुला ठाऊक, ही तळघरातली खोली कधी बघितली नव्हतीस, आज बघ. धुतलेलं वरून येतं, इथे घड्या होतात, फाटलेलं त्या मशीनवर शिवायचं, आणि पुन्हा वर. गरम होतं, ते ड्रायरमुळे. स्टूल आहे तिकडे, बसायचं तर बस — नाही? बरं, मग उभ्याने भांड. एवढी तणतणत जिने उतरून आलीस, ते काही माझी चौकशी करायला नाही.

काय म्हणाल्या तिच्या टीचर — चोरी? फसवणूक? अगं, सातआठ वर्षांची पोर, ती कुणाला फसवणार? धडा घडाघडा म्हणून दाखवला, एक शब्द चुकला नाही, फक्त पुस्तक उघडलं होतं भलत्याच पानावर. पान चुकलं, एवढंच. ते माझंच चुकलं, मी तिला सांगायला हवं होतं की शेजारचीचं पान बघून घ्यायचं, चित्र जुळवायचं, मग बोट ठेवायचं. मी सगळं सांगितलं आणि नेमकं हेच राहिलं. हसू नकोस — हसत नाहीयेस? मग ठीक. घे, दुसरी घे.

कसं शिकवलं ते ऐकायचंय? सोपं आहे. धडा कुणाकडून तरी एकदा वाचून घ्यायचा — मैत्रिणीकडून, आईकडून, तू वाचून दाखवतेस ना रोज झोपताना, तुला वाटतं लाडाने मागते ती. ऐकताना डोळे मिटायचे नाहीत, चित्राकडे बघायचं, कुठल्या चित्रापाशी कुठलं वाक्य येतं ते धरून ठेवायचं. वर्गात आपला नंबर यायच्या आत पुढच्या पोरी कुठवर आल्यात ते कानाने धरायचं. मग उभं राहायचं, बोट ओळीखालून फिरवायचं, फार भरभर नाही, मध्येच एखाद्या शब्दाला अडखळल्यासारखं करायचं — अजिबात न अडखळणाऱ्या मुलीचा संशय येतो. वाचल्यासारखं करायचं. वाचायचं नाही. ते आपल्याला जमत नाही — तिला, तिला जमत नाही म्हणते मी.

का शिकवलं विचार की. आधी तुझ्या नवऱ्याला विचार. शनिवारी तुम्ही दोघं कामाला जाता, ती आमच्याकडे असते, माझ्या आणि आईच्या. एक दिवस आजीला गोष्ट वाचून दाखवत होती, छान चाललं होतं, आजी खूश, आणि मी भांडी पुसत सहज बघते तर पोरीची नजर पुस्तकात आहे पण अक्षरांवर नाही. पानाच्या कोपऱ्यात आहे. मला कुणी सांगायला लागलं नाही. मी त्या गोष्टीतलाच एक शब्द पाटीवर लिहून — मला लिहिता येतो तेवढा लिहून — विचारलं, हे काय? घ म्हणावं की ध, भ म्हणावं की म, तिला काही ठरवता येईना. कान्याचा पत्ता नाही, वेलांटी कुठल्याही बाजूला. आणि चेहरा — तो चेहरा मी आरशात बघितलाय. त्याच दिवशी तुझ्या नवऱ्याला, भिंगऱ्याला, फोन केला. म्हटलं, हिला दाखवून आण कुणाला तरी. तर हसला. म्हणाला, "ताई, तू मला सांगतेस? एडीएचडी काय असतं ते माझ्याइतकं कुणाला माहितीये? एका जागी न बसणं, लक्ष न टिकणं, सगळं केलंय मी. ही तासन्तास एका जागी बसते. ही माझ्यासारखी नाही. ही तुझ्यासारखी आहे, शहाणी." आणि ठेवला फोन. माझ्यासारखी आहे म्हणे. हे मात्र अगदी खरं बोलला.

मग काय करायचं होतं मी? तिकडे टीचर तिला फळ्यापाशी उभं करत होत्या, वर्ग हसत होता, सोमवार आला की पोटात दुखायचं — तुम्ही पोटाच्या डॉक्टरकडे नेलंत. बाप ऐकत नाही, आईला नोकरीतून मान वर करायला फुरसत नाही — टोचलं ना, टोचू दे. मी म्हटलं, निदान हसणार तरी नाहीत तिला. माझ्याकडे जे होतं ते दिलं. दुसरं काय होतं माझ्याकडे?

कोपऱ्याला कोपरा लाव गं, लक्ष कुठे आहे तुझं.

तुला भिंगऱ्या लहानपणी कसा होता ते ठाऊक आहे, तो सगळ्यांना सांगतो, भाषणंच करतो आता. तरी तो अर्धंच सांगतो, कारण अर्धा वेळ तो पलंगाखाली असायचा. कपाटावर चढायचा, खिडकीतून चपला फेकायचा, शाळेने दोनदा काढला. बाबा कधीच निघून गेले होते. आईने नोकरी सोडली, घरी शिवणकाम घेतलं, आणि तिचा सगळा जीव त्याच्यात. डॉक्टर, गोळ्या, तक्ते, मग त्या बाई यायला लागल्या — अशा मुलांना शिकवणाऱ्या. चांगल्या होत्या. ताटलीत वाळू पसरायच्या, वाळूत बोटाने अक्षर काढायला लावायच्या. तो दोन अक्षरं काढायचा आणि ताटली उडवायचा. वाळू कोण झाडायचं? मी. शाळेच्या बुटांची नाडी कोण बांधायचं, औषधाची वेळ कोण लक्षात ठेवायचं, शेजारणीची कुंडी फुटली की माफी कोण मागायचं? — तीन वर्षांनी तर मोठी होते मी त्याच्याहून. पण गप्प होते ना. गप्प मुलगी म्हणजे घरातलं टेबल. त्याच्यावर काहीही ठेवा.

एक दिवस तो असाच पलंगाखाली जाऊन बसला, बाहेर येईना. बाई म्हणाल्या, तोवर तू वाच गं. मी वाचलं. सुरेख वाचलं, हातवारे करून. बाईंनी ऐकून घेतलं आणि पानावरच्या चित्रावर हात ठेवला, म्हणाल्या, आता हाच परिच्छेद शेवटच्या ओळीकडून वाच. मी उभीच. मग पुन्हा पहिल्याच ओळीपासून म्हणायला लागले. रागावल्या नाहीत, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेल्या. मी केरसुणी घेऊन दारामागे — वाळू झाडायची होती, मुद्दाम ऐकायला नव्हते गेले. बाई म्हणत होत्या, मुलीलाही तपासून घ्या, ती हुशार आहे म्हणून लपतंय, पण अक्षरं तिला दिसत नाहीत तशी, आत्ता हातात आहे, वेळ गेली तर कठीण होईल. आणि आई म्हणाली — मशीन थांबवून म्हणाली, मला ती थांबलेली मशीन ऐकू आली — "बाई, एकाचंच मला पुरे झालंय. ती गप्प आहे ना, राहू दे तिला गप्प."

तुला काय वाटतं, आई वाईट होती? वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. दमली होती गं. त्या संध्याकाळी तिने माझे केस विंचरून दिले. एरवी माझे मीच विंचरायचे. बराच वेळ विंचरत बसली, आणि मला कळलं की हे बाईंना दिलेल्या त्या उत्तराबद्दल आहे. त्याच्या बदल्यात आहे. बाई पुढेही येत राहिल्या, त्याच्यासाठी. कधी कधी जाताना वाळूची ताटली माझ्यासमोर सरकवून जायच्या, दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत जे काही शिकले ते शिकले.

पुढे काय होणार? पाठांतरावर ढकलत गेले, मग पुस्तकात नसलेले उतारे यायला लागले परीक्षेत. त्यांचं काय पाठ करणार? नापास. पुन्हा नापास. आई लोकांना सांगायची, पोरीचं डोकं अभ्यासात नाही. तेव्हापासून इथे. इथे सुरुवातीला चादरींवर वॉर्डांची नावं छापलेली असायची, मला ती वाचायला इतका वेळ लागायचा की घाम फुटायचा, म्हणून मी कोपऱ्यात रंगीत दोरे शिवायला लागले — लाल मुलांचा वॉर्ड, निळा बायकांचा. मॅट्रनला वाटलं काय कल्पक बाई आहे, माझं कौतुक केलं सगळ्यांसमोर. मुख्य करू या आता हिला, म्हणाली. मुख्य झालं की कॉम्प्युटरवर नोंदी करायच्या. मी म्हटलं, नको, मला जबाबदारी झेपत नाही. सगळ्यांना वाटतं ही आळशी आहे. वाटू दे, आळशी बरी.

आणि मागच्या वर्षी अशा मुलांच्या पालकांच्या कार्यक्रमात तुझा नवरा व्यासपीठावर — तू होतीस, आईच्या शेजारी बसली होतीस, मी मागे — काय म्हणाला आठवतंय? आईने माझ्यासाठी आयुष्य वेचलं, ते ठीक आहे, वेचलंच. मग म्हणाला, "माझ्या ताईची मात्र आईला कधी काळजी करावी लागली नाही. तिचं सगळं आपोआप झालं." टाळ्या. आईनेही वाजवल्या. मी आईच्या हातांकडे बघत होते. मला वाटलं, निदान ती तरी वाजवणार नाही.

जाऊ दे. घे ते अभ्रे, ते सोपे आहेत.

आता तू आलीस त्याचं बोलू. मुंगीला मारलंस का? — नाही ना? बरं. मारू नकोस, आणि पाठांतरही बंद करू नकोस एकदम, हातातली काठी काढून घेतल्यासारखं होईल तिला. तिला घेऊन जा तपासायला. नवरा काय म्हणतो ते ऐकत बसू नकोस. त्याला त्याच्यासारखीच मुलं कळतात, नाचणारी, फोडणारी. खिडकीबाहेर बघत बसणारी मुलं त्याला शहाणी वाटतात. तिच्यात दोन्ही असेल कदाचित, लक्ष न लागणं आणि अक्षरं, मला काय कळतंय, पण कुणाला तरी कळत असेल ना. आता पुष्कळ निघालंय म्हणतात, वेळ जास्त देतात परीक्षेला, वाचून दाखवायला माणूस देतात. माझ्या वेळी होतं की नाही ठाऊक नाही — कुणी विचारलंच नाही. आणि त्याला सांगू नकोस मी हे बोलले ते. माझं वाचायचं वगैरे. मुंगीपुरतं बोल. माझं त्याला काही माहीत नाही आणि आता या वयात —

काय?

मुंगीने? शाळेत, सगळ्यांसमोर? — काय म्हणाली नेमकं, शब्द सांग. "आत्यालापण वाचता येत नाही, म्हणून तिला हे येतं."

तिला कसं कळलं? मी तर — अच्छा. पेपर. आईचे डोळे गेल्यापासून रोज पेपर धरून बसते मी तिच्यासमोर. मथळे लागतात कसेबसे, बाकी मनाने सांगते, कुठे पूल झाला, कुठे जुळी मुलं झाली. आई म्हणते, हल्ली बातम्या चांगल्या असतात. मुंगी शेजारी बसून असते. तिने बघितलं असेल माझी नजर कुठे आहे ते.

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. आल्यापासून. आणि मला बोलू दिलंस, चादरी धरून उभी राहिलीस. छान. आणि त्याला? तोही होता शाळेत? — आत्ता वर आहे? रिसेप्शनपाशी? मग तो का नाही आला खाली? धीर होत नाही. बरं. माहीत नव्हतं म्हणतो? बरोबरच आहे, त्याला माहीत होऊ नये यावरच तर आमचं घर चाललं होतं. रडला? रडू दे. तो नेहमीच रडून मोकळा होतो, मग त्याला भूक लागते.

नाही, बोलवू नकोस. मला त्याच्याशी आत्ता बोलायचं नाही. उद्याही नाही. तो पाया पडेल, मिठी मारेल, मग पुढच्या भाषणात मला घालेल. मला नको ते.

कधी न्यायचंय तिला? गुरुवारी — गुरुवारी माझी पाळी दुपारची असते. सकाळी असेल तर येईन. तिच्या शेजारी बसेन, बाकी काही नाही. तिथे कागद भरायचे असतील ते तू भर, आणि डॉक्टर मला काही विचारायला लागला तर त्याला सांग, ही मुलीची आत्या आहे, सोबत आली आहे. एवढंच सांग. कळलं?

ठेव ते अभ्रे तिथेच. ट्रॉली आली, मला आता मान वर करायला वेळ नाही. नाही, काही झालेलं नाही मला. जा तू. अगं, जा म्हणते ना.