सुभद्राकाकूची खुर्ची

मायबहिनींनो, भावांनो, अन् समोर बसलेले साहेब,

तुमी सगळे उन्हातानाचे आले. मले बोलाले उभं केलं. रडू नाई येत मले. राग येते. आज काकूबद्दल चांगलं-चांगलंच बोलावं, हे मले समजते. पन सुभद्राकाकू म्हातारपनानं नाई गेली. आपल्या वस्तीच्या विहिरीच्या पान्यानं गेली. हगवन-उलटी लागली, दवाखान्यात नेता नेता रिक्षातच माह्या हातावर गेली. आपल्या वस्तीत नळ असता, तं आज ती इथं बसली असती. मले म्हनली असती, "किसना, बस झालं आता, खाली बस."

नळ काऊन नाई आला? सांगतो.

पाहनीवाले साहेब आले होते, आठवते? कोन्त्या वस्तीत मानसं किती, कमाई किती, हे लिहून नेत होते. जी वस्ती गरीब, तिथं नळ पयले. पन हे आपल्याले सांगितलं कोनी? आपल्याले एवढंच समजलं का साहेब घरी येऊन राह्यले.

अन् पाहुना घरी आला, तं त्याले भुईवर बसवाचं? काकू म्हने, "हे शोभते का बाप्पा?" साऱ्या वस्तीत खुर्ची एकच, काकूची. खुर्चीच्या एका मोडक्या हाताले सुतळी बांधलेली. साहेब समोरच्या दारानं निघाले का काकू मागच्या दारानं खुर्ची डोक्यावर घेऊन पुढच्या घरी हजर. तिच्या मागं सून, रेडिओ अन् स्टीलचे कप घेऊन. विहिरीचं पानी पाहुन्याले कसं द्याचं, म्हनून कॉलनीच्या नळावरून पितळेचा गुंड भरून पानी आनलं. घामानं चिंब झालती, पन हासत होती.

अन् साहेबानं काय लिहलं? घरोघरी खुर्ची. घरोघरी रेडिओ. पानी चांगलं.

कमाईचंबी तसंच. "महिन्याला किती मिळतात?" आमी राबतो सरकी काढाच्या जीनमधी, अन् जीन चालते कापसाच्या हंगामात. आमी हंगामाचा पगार सांगितला. जीन बंद झाल्यावर खाता काय, हे साहेबानं विचारलंच नाई. काऊन नाई विचारलं? चहा गोड होता ना!

नळ गेला दुसऱ्या वस्तीत. काकू हापिसात गेली, मी संग होतो. हेच साहेब म्हनले, "बाई, तुमची वस्ती खाऊनपिऊन सुखी आहे. घरटी खुर्ची आहे."

काकू म्हनली, "साहेब, ती तं माह्यी एकच खुर्ची होती."

साहेब हासले. म्हनले, "आता कागद वर गेला."

दिवसभर त्याच सुतळीवर हात ठेवून बसले, साहेब! एका घरात नाई, दुसऱ्या घरात तरी ओळखाची होती. मानसं मोजाले आलते ना तुमी? मंग मानसाकडे पाहलं काऊन नाई?

परत येताना काकू रस्त्यात एवढंच बोलली, "किसना, मीच उचलून नेली रे खुर्ची." मरेपर्यंत सोताले दोष देत राह्यली. तिनं पाहुन्याचा मान राखला. तो गुन्हा झाला का? अन् ज्यानं न पाहता लिहलं, त्याचं काय?

भावांनो, पुन्हा कोनी मोजाले आलं, तं त्याले भुईवर बसवजो. विहिरीचं पानी पुढं ठेवजो. जीन बंद असते तवा चूल कशी पेटते, ते सांगजो. लाजू नोका. लाजाचं काम आपलं नाई.

साहेब, आज तुमी आले. अन् आमची खोड पहा, पोरांनी आजबी तुमच्यासाठी तीच खुर्ची आनून मांडली. हात लावून पहा. सुतळी हाये.

आता काकूसाठी सगळे उभे राहू. कोनी बोलू नोका.

साहेब, तुमीबी उठा. खुर्ची इकडे द्या. तिच्यावर काकूचा फोटो ठेवाचा हाये.